अडतीसला कडी

त्या दिवशी मी बाजारात सुतळी आणायला गेले होते. सुतळीचे चार गुंडे, खळीसाठी मैदा, आणि मिळाली तर रिकामी गोणपाटं, एवढंच काम. श्रावण लागायला दोनचार दिवस होते. लोणावळ्याला त्या दिवसांत धुकं खिडकीतून घरात येतं, अंथरुणावर बसतं, पिठाच्या डब्यात शिरतं. भर दुपारी दुकानांतून कंदील लागतात, आणि समोरून येणारा माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. मी मुळातच घाबरट. वाटेत एक बैल शिंकला तर माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

दत्तोबा दुकानदारानं गोणपाटं काढून दिली आणि म्हणाला, “बाई, परवाच तर येवढी नेली. तुमच्या सायबाच्या तसबिरींना हींव भरतंय का काय?”

“दमट होतात चित्रं, दत्तोबा.”

“आन् आमी काय सुकं ऱ्हातो?”

दुकानात टेकलेली माणसं हसली. मीही हसले. आणखी तासाभरानं काय व्हायचं आहे हे मला माहीत नव्हतं. आता सांगते ते नीट ऐका, आणि तो दिवा जरा मोठा करा. मला अंधारात बोलायला आवडत नाही.

दत्तोबा म्हणाला तो साहेब म्हणजे दादासाहेब. गंगाधरराव सबनीस, सॉलिसिटर, राहणार गिरगाव. त्याच्यासमोर मी अहो-जाहो करत होते, तो आला की उठून उभी राहत होते. आता तो नाही, तेव्हा मला त्याला ‘तो’ म्हणू द्या. तेवढी एकच चैन त्यानं माझ्यासाठी मागे ठेवली आहे.

सन बेचाळीसच्या उन्हाळ्यात मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली, तेव्हा लोकांनी बायकामुलं गावी पाठवली. यानं बायकोला गिरगावातच ठेवलं, घराला माणूस हवं म्हणून, आणि चित्रांना लोणावळ्याला पाठवलं, मागोमाग स्वतःही आला. सदतीस चित्रं. मालगाडीचा आख्खा डबा, पेंढ्यात बसवलेल्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीवर हिरव्या शाईत ‘जपून’. भुशीच्या वाटेवर त्याचा बंगला होता, तिथल्या दिवाणखान्यात ती ठेवली. चित्रांतलं मला फारसं कळत नाही, पण त्याला माझ्याहूनही कमी कळत होतं. एक नंबरचं चित्र म्हणजे कुणा विलायती माणसानं रंगवलेली द्राक्षं, एक सोललेलं लिंबू आणि एक मेलेला ससा. घरात अंडं येऊ न देणारा हा गृहस्थ रोज सकाळी स्नान करून त्या मेलेल्या सशासमोर हात मागे बांधून उभा राही आणि “अहाहा” म्हणे. आता हा सशाला हळदकुंकू वाहणार असं मला दरवेळी वाटे.

केशवमामांच्या ओळखीनं मला तिथं नेमलं होतं. बी.ए. होऊन पुण्याला घरी बसलेली मुलगी. बॉम्बच्या गप्पांनी रात्र रात्र झोप नाही. आईला वाटलं हवापालट होईल. माझं काम यादी करायची, चित्रांच्या पाठीला आकड्याच्या चिठ्ठ्या डकवायच्या, आणि ‘दक्षता-वही’ लिहायची.

या वहीचा त्याला फार अभिमान. आग लागली, बॉम्ब पडला, छप्पर गळलं, दरोडा आला, तर काय करायचं ते सगळं तीत हिरव्या शाईत. एक नंबरचा ससा एरवी उघडा, घंटेची कवायत असली की तो आधीच स्वतःच्या हातानं गुंडाळून ठेवी; बाकीची छत्तीस चित्रं मेणकापडात आणि वर गोणपाटात कायमची गुंडाळलेली. घंटा झाली की गेणू टांगेवाला, सोपान माळी आणि धोंडाबाई या तिघांनी ती बाहेर काढायची. धोंडाबाईचा नवरा कोंडाजी हा बंगल्याचा राखणदार. त्यानं दिवाणखान्याच्या दारात उभं राहून बाहेर जाणारं प्रत्येक गाठोडं मोठ्यानं मोजायचं. घंटा वाजवून मी हिरवळीवर यादी घेऊन उभी. शेवटचं गाठोडं निघालं की कोंडाजीनं दार ओढून बाहेरून कडी घालायची, म्हणजे आतल्या आगीला वारा मिळणार नाही. दारापासून हिरवळ चाळीस पावलं होती. धुक्यात मला दार दिसत नसे, नुसता कोंडाजीचा आवाज येई.

दिवाणखान्याच्या खिडक्यांना गज होते, आणि विमानांच्या भीतीनं गजांवर काळा कागद डकवला होता. आत दिवसासुद्धा काळोख. चित्रांना बुरशी चढू नये म्हणून त्या काळोखात चार शेगड्या सतत धुमसत, आणि पेट्यांतला पेंढा भिंतीशी रचलेला, कारण परत जाताना लागेल. मी एकदा धीर करून विचारलं, “दादासाहेब, पेंढा आणि शेगड्या एकाच खोलीत…?”

“म्हणूनच तर आपण कवायत घेतो, बाई,” तो म्हणाला. असं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला पुढे काय विचारणार?

पण माझ्या जिवाला खरा घोर होता तो झुंबरबाईचा. झुंबरबाई म्हणजे कोंडाजीची आई. मूळची भाजे गावची, ऐंशीच्या पुढची, पाय पार गेलेले. कोंडाजी मागच्या अंगणातल्या खोपटात राहायचा, पण ती जागा रिकाम्या पेट्यांना दिली. कोंडाजी आणि धोंडाबाई व्हरांड्यात निजू लागले, आणि म्हातारीला दिवाणखान्याला लागून असलेल्या कोठीत टाकलं. त्या कोठीला एकच दार, ते दिवाणखान्यात उघडणारं. म्हणजे कवायत झाली, कडी पडली, की म्हातारी आत. खरी आग लागली तर? मला हाच प्रश्न जेवताना आठवे.

एका सकाळी तो सशासमोर उभा असताना मी म्हटलं, “दादासाहेब, यादीत झुंबरबाईंचं नाव घालू का? त्यांना कुणी काढायचं ते ठरलेलं बरं.”

“यादी वस्तूंची आहे. माणसांना पाय असतात.”

“त्यांना चालता येत नाही…”

“मग ती वस्तूत जमा होते म्हणता?” तो वळून हसला. “आणि वस्तू असेल तर तिचा नंबर कितवा लावू? सशाच्या आधी की नंतर? तर्कशास्त्र होतं ना तुम्हांला कॉलेजात?”

मला उत्तरं नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतात. धोंडाबाईला सांगितलं तर ती चूल फुंकता फुंकता म्हणाली, “ताई, तुमी पालीला भिता, झुरळाला भिता, आन् त्येच्या म्होरं बोलाया गेलता व्हय! ऱ्हाऊ द्या. खरी आग लागली तर आमी काय तसबिरी बघत बसू? कोंडाजी आदी आईला काढंल.”

“आणि कोंडाजी दारात उभे राहून मोजत असले तर?”

तिनं फुंकणी खाली ठेवली.

आता मोजण्याचं सांगते. पहिली कवायत जूनच्या अखेरीस झाली, दुपारी तीनला. मी घंटा वाजवली आणि हिरवळीवर जाऊन उभी राहिले. शेजारी तो, हातात घड्याळ. धुक्यातून कोंडाजीचा आवाज आला.

“लाभ…”

मी दचकले. पुढे “दोन… तीन… चार…” गाठोडी येत गेली, मी खुणा करत गेले. सदतिसावी खूण केली आणि पेन्सिल कानामागे खोचणार तोच धुक्यातून शांतपणे आलं, “अडतीस.” मग कडीचा आवाज. आणि कडीनंतर, आतून, दारावर तीन ठोके.

“म्हातारी काठी आपटतेय,” तो म्हणाला. “हे अडतीस कुठून आलं? कोंडाजी! तू काय भात मापतोयस? लाभ म्हणे!”

कोंडाजी पागोटं सावरत आला. “व्हय सायेब. खळ्यावर पयल्या मापाला येक म्हनत न्हाईत. लाभ म्हनायचं, मंग दोन. बरकत ऱ्हाती.”

“बरकत! लाभ म्हणालास आणि वर एकही म्हणालास, म्हणून एक वाढला. गाढव आहेस.”

“न्हाई सायेब, लाभानंतर दोनच म्हनलो…”

तो दोनच म्हणाला होता. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण मी यादीत डोकं घातलं आणि गप्प राहिले.

दुसऱ्या कवायतीला कोंडाजीला सक्तीनं ‘एक’ म्हणायला लावलं. एक, दोन, तीन करत तो गेला आणि अडतीसवर थांबला. हिरवळीवर सदतीस. तिसऱ्या वेळी तेच. दरवेळी कडी, आणि कडीनंतर तीन ठोके. तेव्हा दादासाहेबानं वही मागवली आणि हिरव्या शाईत लिहिलं, की कोंडाजीस मोजता येत नाही, त्याचे अडतीस म्हणजे आपले सदतीस समजावे, सबब अडतीसला कडी घालावी. खाली सही. चूक आहे तिथं ती शोधायची सोडून तिला नियमात बसवणारी माणसं मी नंतरही पुष्कळ पाहिली, पण इतक्या सुंदर अक्षरात कुणी बसवली नाही.

तिसऱ्या कवायतीनंतर मी कोंडाजीला एकट्याला गाठलं. “शेवटचं गाठोडं कोणी नेलं, कोंडाजीभाऊ?”

“कोनी म्हंजी… गोनपाट गेलं न्हवं समोरून. खाली वाकून व्हतं. मला वाटलं, धोंडीच हाय.”

“धोंडाबाई तर तेव्हा माझ्याजवळ उभी होती.”

तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, “ताई, बाकीची सुकी असत्यात. ते वलं व्हतं. पानी गळत व्हतं त्येचं…”

व्हरांड्यात खरंच ओल होती, दारापासून पायऱ्यांपर्यंत. पण आषाढात लोणावळ्याला ओल कुठं नसते? मी स्वतःला तेच सांगितलं. मग हिरवळीवर गेले. सदतिसाव्या चित्राच्या पलीकडे हातभर जागेतलं गवत दबलेलं होतं, कुणी उकिडवं बसून उठावं तसं. तिथं वास येत होता. जळलेलं गोणपाट पाण्यात विझवलं की येतो तसा.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून मी वही चाळत होते. मुद्दाम, चार माणसांत. मागच्या पानावर सन एकतीसची नोंद होती, गिरगावच्या घरी लागलेल्या आगीची. तो ती पाहुण्यांना वाचून दाखवत असे. मीही मोठ्यानं वाचली: “चित्रे सर्व सुरक्षित. नुकसान — निरंक.”

धोंडाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “निरंक म्हंजी काय वो, ताई?”

“काहीच नाही. शून्य.”

“आसं व्हय,” ती म्हणाली. “मंग कस्तुराबाई त्यात कुटं बसली?”

कस्तुराबाई गिरगावच्या घरी झाडलोट करायची, चित्रं पुसायची. कोंडाजी आणि धोंडाबाई तेव्हा तिथंच चाकरीला. आग लागली तेव्हा सगळे चित्रं काढत होते आणि ही बया एक गोणपाट हौदात बुचकळून आग विझवायला आत गेली. बाहेर चित्रांची मोजदाद पुरी झाली.

कोंडाजी चुलीपाशी बसला होता. जाळाकडेच बघत बोलला. “कडी म्याच लावलती, ताई. म्या म्हनलं, सायेब, ती आत हाय. सायेब म्हनलं, मोजून झालं, लाव कडी, वारा जातोय. लावली. तिनं तीनदा वाजवलं… मंग दमली आसंल.”

धोंडाबाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग धोंडाबाईच म्हणाली, “लय हसरी बाई. अक्षर कसलं ते येत नव्हतं तिला. त्येची ही वही बघून म्हनायची, काय गं बाई हिरवी रांगोळी काढत बसतोय हा दिसभर!”

मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला निघून जावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. ट्रंकही भरली. पण जाण्याआधी झुंबरबाईला पेज द्यायला कोठीत गेले. शेगड्यांच्या धगीनं ती कोठी भट्टीसारखी झाली होती. म्हातारीनं माझा हात धरला.

“आजी, कडी पडली की तुम्ही काठीनं दार वाजवता ना?” मी विचारलं. मला फक्त ‘हो’ ऐकायचं होतं.

“काठी कुटली, बाय? मोडली तवा चुलीत घातली कोंड्यानं. आन् मला दारापतुर जाया पाय हायेत का?”

“मग…?”

“ती वाजवती. मंग दमती, आन् हितं माज्यापाशी येऊन बसती. लय भिजलेली आसती.” म्हातारी माझ्या कानाशी आली. “मला म्हनती, आजे, भिऊ नगंस. खरी बारी आली का तुला घिऊन जाते…”

पेजेची वाटी तिच्या उशाशी ठेवून मी बाहेर आले. ट्रंक मी पुन्हा उघडली. कुणी सुशिक्षित माणूस इथं नसेल तर या म्हातारीचं काय होईल, असं मी स्वतःला सांगितलं. आता त्या सुशिक्षित माणसानं पुढे काय केलं ते ऐका.

तर मी सुतळी, मैदा आणि गोणपाटं घेऊन बंगल्यावर आले. सव्वातीन झाले असतील. फाटकापाशीच वास आला. शेगडीचा नेहमीचा नव्हे, पेंढ्याचा. व्हरांड्यात आले तर दिवाणखान्याच्या दाराच्या फटीतून पिवळा धूर सावकाश, अगदी न घाबरता बाहेर येत होता.

हातातलं सगळं मी तिथंच टाकलं. घंटेची दोरी तेवढी हाताला सापडली. मी घंटा बडवत सुटले आणि ओरडत राहिले, “झुंबरबाई! आधी झुंबरबाईंना काढा!” घंटेच्या आवाजात माझं कोण ऐकणार? कवायतीनं माणसांना एवढं तयार केलं होतं, की घंटा झाली आणि गेणू, सोपान, धोंडाबाई धावत येऊन चित्रं उचलायला लागले. कोंडाजी दारात उभा राहिला आणि मोजू लागला. मी काय केलं? हिरवळीवर जाऊन यादी घेऊन उभी राहिले. पाय आपोआप तिकडे गेले. बी.ए. ना मी.

“एक… दोन… तीन…”

धूर धुक्यात मिसळत होता, कुठलं काय ते कळत नव्हतं. गाठोडी येत होती, माणसं खोकत होती. तो हिरवळीवर दिसला नाही. मला वाटलं, धूर लागतो म्हणून लांब कुठं उभा राहून घड्याळ बघत असेल. घाटात कुठंतरी गाडी चढत होती. तिची शिट्टी ओल्या कापडातून आल्यासारखी आली.

“चौतीस… पस्तीस… छत्तीस…”

मग आवाज थांबला. आणि मग दोन आकडे लागोपाठ आले, एका दमात.

“सदतीस, अडतीस!”

कडी पडली.

ठोके आले. या वेळी तीन नव्हते. खूप होते, भराभर, उघड्या तळव्यांनी मारल्यासारखे. माझ्या मनात एकच आलं, म्हातारी! मी यादी टाकली आणि धावले. कोंडाजी कडीवर हात ठेवून उभा होता.

“आजी आत आहेत! उघडा!”

“आई भायेर हाय, ताई,” तो धापा टाकत म्हणाला. “धोंडीनं पाठुंगळी नेली न्हवं आत्ता. दोघी माज्या म्होरनं गेल्या. म्या आईचे पाय बघितले. म्हनून तर दोन मोजल्या.”

पायऱ्यांवरून धोंडाबाई आली. तोंड काजळलेलं. “म्या कुटं नेली? माज्या हातात तर तसबिरी व्हत्या… तुमीच काढली न्हवं सासूबाईला?”

आतून दार हादरत होतं. तेवढ्यात मागून, धुक्यातून, हिरवळीच्या टोकाकडून झुंबरबाईचा खोकला आला. ओळखीचा, तिचाच. आणि तिचा चिरका आवाज, “कोंड्या, आरं मला पानी दे…”

म्हातारी बाहेर होती. छत्तीस चित्रं, आणि म्हातारी, आणि तिला पाठुंगळी घेऊन आलेली ती. कोंडाजीचा हिशोब पुरा होता. मग आत कोण होतं?

मी कोंडाजीकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता. ओठ हलले.

“ती आसंल,” तो म्हणाला. “दर बारीला वाजवती… ती.”

“हो,” मी म्हटलं. “तीच असेल.”

आम्ही तिघंही तिथं उभे होतो. कडी माझ्या हातापासून वीतभर होती. मला खरंच तसं वाटलं होतं का? रोज स्वतःला विचारते. कधी वाटतं, हो, भीतीनं मला दुसरं काही सुचलंच नाही. कधी वाटतं, मला दुसरं सुचलं होतं, आणि मी ते सुचू दिलं नाही. आतून एक आवाजही आला, शब्द कळले नाहीत, पण रागावल्यासारखा होता, नोकरांवर रागावतात तसा. मग ठोके अंतराअंतरानं आले. मग एकच आला, खालच्या बाजूला. मग घाटातली गाडी वर आली, तिची दुसरी शिट्टी झाली, आणि सगळं निवांत झालं.

मी हिरवळीवर गेले आणि यादी उचलली. एक नंबरपुढे खूण नव्हती.

त्याच्या झोपण्याच्या खोलीतून दिवाणखान्यात यायला एक छोटं दार होतं. सशाला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये म्हणून तो तिकडून आत गेला होता. नोकरांना सांगून जायची त्याला सवय नव्हती, आणि आतल्या काळोखात, धुरात तो कुणाला दिसलाही नाही. सवय होती ती प्रत्येक दाराला मागून कुलूप घालायची, कारण घरात नोकर असतात. पेंढा पेटला होता तो नेमका त्या दाराशी. किल्ली त्याच्या जानव्याला तशीच होती.

कडी काढली तेव्हा आग विझलेली होती. त्याचं शास्त्र खरं ठरलं. वारा मिळाला नाही. तो दाराला टेकून बसला होता आणि ससा त्याच्या मांडीवर होता, अंगावर एक ओरखडा नाही. सोपान माळी म्हणाला, “बगा, धा मिंटं लागली आसती गुंडाळाया. त्येनं नीट गुंडाळलाय पन.” कोणी हसलं नाही, पण कोणी सोपानला गप्पही केलं नाही.

झुंबरबाईला मी हिरवळीवरून आत आणलं. तिच्या अंगावर एक गोणपाट होतं, ओलं, कडेनं जळलेलं. ते आमचं नव्हतं. दत्तोबाकडची सगळी सुकी आणि धड होती. तिला कोणी आणलं म्हणून विचारलं तर म्हणाली, “रोजचीच की गं ती,” आणि पाणी पिऊन झोपली. त्यानंतर ती चार वर्षं जगली.

पोलीस आले, पंचनामा झाला. अपघात. दुसऱ्या दिवशी त्याची बायको, अनसूयाबाई, गिरगावाहून आल्या. बारीकशा, शांत बाई. रडल्या नाहीत. चित्रं पाहिली, सशाकडे जरा वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, “ते वहीत लिहून ठेवत ना सगळं? आणा बरं.”

मी वही आणली. शेवटच्या नोंदीच्या खाली मी काहीच लिहिलं नव्हतं. तरी पान कोरं नव्हतं. त्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत दोन ओळी होत्या. सन एकतीसच्या पानावरच्याच, काना-मात्रेसकट. पण कुणी लिहिल्यासारख्या नव्हत्या. प्रत्येक अक्षर आधी ठिपके देऊन मग जोडलेलं, रांगोळी काढतात तसं. त्यांचा अर्थ काय हे ठाऊक नसलेल्या माणसानं समोर बघून काढलेलं. शाई हिरवी नव्हती. कोळसा पाण्यात कालवला की होतो तो रंग होता.

चित्रे सर्व सुरक्षित. नुकसान — निरंक.

अनसूयाबाईंनी ते बोट फिरवत वाचलं. “हे तुम्ही लिहिलंत?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. “चूक काही नाही त्यात,” म्हणाल्या, आणि बोटाला लागलेलं काळं पदराला पुसलं.

ती वही माझ्याकडेच राहिली. फेकवत नाही. श्रावणात लोणावळ्याला काही वाळत नाही हे मलाही कळतं; पण आता मी पुण्यात राहते, आणि दर उन्हाळ्यात, मे महिन्यात, ती काढून गच्चीवर उन्हात ठेवते. संध्याकाळी बोट लावून बघते.

ते अजून बोटाला लागतं.